शब्बीरचा बास का किंचाळला

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. दुकानात गप्पा निघतात. कोणीतरी विचारतं, "तात्या, तुमच्या हातून फसलेलं काम कोणतं?" मग मी एका जुन्या पायपेटीची हकिकत सांगतो. ती सांगायला सोपी आहे. तिच्यात कोणाचं काही गेलं नाही, आणि शेवटी लोक हसतात. फसलेलं खरं काम डबल बासचं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये शब्बीरने गज ओढला आणि बास किंचाळला. समोर सतरंजीवर मुलं बसली होती. त्यातलं एक फिसकन हसलं. शब्बीरने गज उचलला, मुलांकडे बघून तोही हसला, आणि पुन्हा ओढला. पुन्हा तोच आवाज. गंजलेली बिजागरी करकरते तसा, पण जास्त बारीक आणि लांबलेला.

डबल बास ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. व्हायोलिन माणसाएवढं वाढवलं की झाला डबल बास. तो जमिनीवर उभा करायचा, आपण त्याच्याशेजारी उभं राहायचं आणि खांद्याला खांदा लावून वाजवायचं. चार जाड तारा असतात. त्या बोटांनी छेडता येतात किंवा गजाने वाजवता येतात. गज म्हणजे लाकडी काठी, तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. चांगल्या हातात बासचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. एवढ्या मोठ्या वाद्यातून किंचाळी आली की ऐकणाऱ्याला हसू येतं आणि वाजवणाऱ्याला तोंड लपवावंसं वाटतं.

बारामतीत माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. आता मुलगा बघतो, पण मी रोज जाऊन बसतो. निम्मं काम बँडवाल्यांचं असतं. ट्रम्पेटचे पोचे काढायचे, क्लॅरिनेटच्या छिद्रांवरच्या गाद्या बदलायच्या. बाकी पेट्या, थोडी व्हायोलिनं. डबल बास आमच्या भागात एकच होता, इंदापूरला, शब्बीरकडे.

शब्बीर आणि मी तरुणपणी पुण्यात एका ऑर्केस्ट्रात होतो. मी क्लॅरिनेट वाजवायचो, तो बास. कार्यक्रमाला जाताना टेम्पोत आधी बास चढवायचा आणि मग उरलेल्या जागेत आम्ही बसायचं. म्हणून आम्ही त्या बासला म्हैस म्हणायचो. पुढे कीबोर्ड आला, बासचं काम एका बोटावर व्हायला लागलं आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना म्हैस परवडेना. मी बारामतीत दुकान टाकलं. शब्बीर इंदापूरला वडिलांच्या गादी कारखान्यात बसला. बास त्याने विकला नाही. कापसाच्या गठ्ठ्यांमागे उभा केला. त्याची बायको, रेहानाभाभी, हिने त्याला गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची खोळ शिवली. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, कोणीतरी जाड माणूस गादी गुंडाळून उभा आहे.

मग शब्बीरच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हलकंच होतं. तोंड सरळ झालं, पाय सुधारला, हात मात्र मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. भाभींनी गादी शिवायची मोठी सुई हातात दिली. त्याने ती ठेवून गज घेतला. रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना तो खोळ काढायचा आणि बसून, मग हळूहळू उभा राहून, गज ओढायचा. मला फोनवर सांगायचा, "दत्तू, आज म्हैस जरा दूध द्याय लागली बघ."

अशात बारामतीजवळच्या एका निवासी शाळेने मुलांचा तंतुवाद्यांचा वाद्यवृंद काढायचं ठरवलं. तिथल्या संगीत विभागाच्या केतकी मॅडम माझ्याकडे व्हायोलिनं दुरुस्तीला आणायच्या. त्यांना बास शिकवणारा माणूस हवा होता. पुण्याहून कोणी रोज यायला तयार नव्हतं. मी शब्बीरचं नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दसऱ्यानंतर एकदा येऊन मुलांसमोर वाजवून दाखवा, मग बघू.

मी शब्बीरला फोन केला. तो म्हणाला, "मास्तर म्हणत्याल का रं मला पोरं?"

"सर म्हणत्याल."

"सर नगं. मास्तर बरं हाय."

त्याला पगाराची ओढ नव्हती. कारखाना बरा चालला होता. आपला हात गेला नाही, हे त्याला चार माणसांत सिद्ध करायचं होतं. हे त्याने मला बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

दसऱ्याच्या आधी त्याने बास माझ्या दुकानात आणला. पिकअपमध्ये गाद्यांवर आडवा घालून, लासुर्ण्यापासून उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडत. मी आतला कापूस झटकला. कडेला डिंक सुटला होता तो बसवला. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, वाकली होती ती सरळ केली. गजाचे केस पार झिजले होते. मी नवे भरले. बासच्या गजाला मी काळे केस वापरतो. ते पांढऱ्यापेक्षा खरबरीत असतात, जाड तार चांगली धरतात. मग त्यांना राळ लावली. राळ हे या कामातलं मुख्य. चिकट, काचेसारखा खडा असतो, तो केसांवर घासायचा. राळेमुळे केस तारेला धरतात, जरा ओढतात, सोडतात, परत धरतात. हे इतकं भराभर होतं की आपल्याला सलग सूर ऐकू येतो. बिजागरीला तेल घातलं की ती गप्प होते. गजाचं उलटं असतं. धरणं सुटलं की केस घसरतात, आणि तार किंचाळते.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी शब्बीर गज बघायला आला. दुकानातल्या स्टुलाशेजारी उभा राहून त्याने एक संथ चाल वाजवली. काउंटरवरची कात्री थरथरली. शेजारचा झेरॉक्सवाला मशीन बंद करून दारात येऊन उभा राहिला. आवाजात एकदाही चरा उठला नाही. मी म्हणालो, "हात आला की रं तुझा."

त्याने मूठ उघडझाप करून बघितली. "आलाय न्हवं? भाभीला तुझ्या फोनवरनं सांग. माझं खरं मानत न्हाय ती." जाताना त्याने मांडलेली वाद्यं बघितली. "उद्या तुमची खंडेनवमी न्हाय का? समद्यांना कुंकू लावशील. आमच्या म्हशीनं काय घोडं मारलंय? तिलाबी लाव की."

"लावतो. हारबी घालतो."

"मोठा घाल. गळा बघ केवढा हाय."

खंडेनवमीला आमच्या दुकानात अवजारं आणि दुरुस्तीला आलेली सगळी वाद्यं पुजायची पद्धत आहे. वडिलांपासून चालत आलेली. पाण्यात कालवलेलं हळदकुंकू पितळेवर ओघळतं, म्हणून बँडची वाद्यं पुजताना आम्ही ते खोबरेल तेलात कालवतो. ते टिकतं आणि दिसतंही छान. मी वाटी घेऊन ओळीने बोट लावत गेलो. ट्रम्पेट, युफोनियम, पेट्या, आणि शेवटी बास. झेंडूचा हार खरंच मोठा आणला होता. बास टेबलाला टेकून होता, गज टेबलावर केस वर करून ठेवलेला. त्यालाही एक बोट लावलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, एवढा जुना कारागीर, त्याला कळू नये? गजाच्या केसांना बोटसुद्धा लावायचं नसतं, बोटाचा घामही त्यांना चालत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. पण पूजा करताना मी कारागीर नव्हतो, घरातला वडीलधारा होतो. हातात वाटी होती आणि मनात शब्बीरचं भलं होतं. दुसऱ्या दिवशी वाद्यं परत द्यायची म्हणून एकाच फडक्याने सगळी पुसली. ट्रम्पेट पुसला, पेट्या पुसल्या आणि गजही पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. केस काळे. डाग दिसायचा प्रश्नच नव्हता.

म्हणून हॉलमध्ये बास किंचाळला. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

"तात्या, काय होतंय?" मॅडमनी विचारलं.

मी उठलो. धंद्यात जसं बघतात तसं क्रमाने बघितलं. गज घोडीच्या फार जवळ आला तर आवाज चिरका येतो. "जरा वर घे," म्हणालो. त्याने घेतला. तेच. गज तिरका जात असेल, म्हणून सरळ धरायला सांगितलं. तेच. तारा ताणायच्या किल्ल्या दाबून बघितल्या, बासच्या अंगावर बोटं वाजवून कुठे डिंक सुटलाय का ऐकलं. काही नाही. शब्बीरने खिशातून राळेचा खडा काढला आणि चांगला घासला. आवाज आणखी वाईट झाला.

मग मी स्पिरिटच्या कापसाने तारा पुसल्या. त्याने गज ओढला, आणि एकदम त्या संध्याकाळी दुकानात लागला होता तसाच सूर लागला. भरून आलेला. मुलं गप्प झाली. मॅडमचा चेहरा खुलला. दोन-चारदा गज गेला असेल, आणि पुन्हा किंचाळी.

इथे मला थांबायला हवं होतं. तारा पुसल्यावर आवाज सुधारतो आणि गज फिरला की पुन्हा बिघडतो, याचा अर्थ एकच असतो. घाण गजातून तारेवर येते आहे. नवशिक्या दुरुस्तीवाल्यालाही हे कळेल. पण गज मी स्वतः भरलेला होता, नवाकोरा. तो मी नुसता डोळ्यांनी बघितला आणि बाजूला ठेवला. स्वतःच्या कामावर शंका घ्यायची मला सवय नव्हती.

"वाद्याचं काम तुम्हीच केलंत ना?" मॅडमनी विचारलं. साधाच प्रश्न होता. पण त्या शाळेची सगळी वाद्यं वर्षभर माझ्याकडे द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

"वाद्यात काही दोष नाही," मी म्हणालो.

"मग?"

मी शब्बीरच्या उजव्या हाताकडे बघितलं. माझ्याबरोबर मॅडमनी बघितलं. मुलांनीही बघितलं.

"मध्यंतरी वारं गेलं होतं त्याच्यावरून," मी म्हणालो. "गज धरायला ताकद लागते. अजून पकड आली नसंल."

शब्बीरने ऐकलं. त्याने गज टेबलावर ठेवला, अगदी हळू, काचेची वस्तू ठेवावी तसा. हात पँटला पुसला. मग मॅडमना म्हणाला, "दत्तू म्हणतोय तर तसंच आसंल. त्याचा कान खोटं सांगत न्हाय."

मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "घाई नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर परत एकदा बघू. तोवर जागा मोकळी ठेवते मी."

परत येताना पिकअपमध्ये तो माझ्याशेजारी बसला होता. कन्हेरीचा फाटा आला. मग तो म्हणाला, "म्हैस तुझ्याकडंच ठेव. कुणी घेतलं तर देऊन टाक."

"आरं, दिवाळीनंतर बोलावलंय."

"दसऱ्याआधी वाजला, आज न्हाय. आसल्या हाताचा काय भरवसा? पोरांपुढं परत नगं."

बास महिनाभरही पडून राहिला नाही. एका दुपारी, विकायचा तर आवाज बघावा म्हणून, मीच उभा राहिलो आणि गज ओढला. किंचाळला. मला वाटलं, आपल्याला सवय नाही. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. माझ्या हातावरून काही वारं गेलेलं नव्हतं.

मग मी गज सोडवला. केस साबणाच्या कोमट पाण्यात बुडवले. पांढऱ्या इनॅमलच्या भांड्यात आधी वर तेलाचे डोळे आले, खोबरेलाचा वास आला. आणि पाणी तांबूस होत गेलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कपडे धुणाऱ्या कोणालाही माहीत असतं. मी ते भांडं पुढ्यात घेऊन तसाच बसून राहिलो. मुलाने विचारलं, "बाबा, बोट कापलं का?" मी नाही म्हणालो.

केस धुतले, वाळवले, नवी राळ लावली. बास असा वाजला की मी तो लगेच खाली ठेवला.

तेव्हा दिवाळीला आठवडा होता. मॅडमची जागा मोकळी होती. फोन हाताशी होता. मी केला नाही. पहिलं कारण, मला मॅडमपुढे जाऊन सांगावं लागलं असतं की चूक दुरुस्तीवाल्याची होती. दुसरं कारण मी नंतर शोधलं आणि त्यालाच पहिलं करून टाकलं. पूजा करायला शब्बीरने सांगितलं होतं, हसत, आपलेपणाने. त्या पूजेनेच घात केला हे त्याला कळलं असतं तर? त्याच्याकडचं कोणी काय म्हणेल, माझ्याकडचं कोणी काय म्हणेल? हल्ली लोकांना बोलायला निमित्त लागतं. असं म्हणत मी गप्प बसलो. पण शब्बीर कोणाच्या बोलण्याला भीक घालणारा नव्हता. तो पोट धरून हसला असता आणि म्हणाला असता, "म्हशीला तेल लागलं व्हय?" हे मला तेव्हाही माहीत होतं.

दिवाळीनंतर पुण्याचा एक तरुण मास्तर मिळाला. शाळेने बासही घेतला. मी शब्बीरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "पोरांत गेला, ब्येस झालं. खोळ पण दे सोबत, भाभीनं शिवलीय."

शाळेच्या स्नेहसंमेलनाला मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. एका मुलीने बास वाजवला. तिच्या उंचीपेक्षा बास मोठा होता. एकही चरा नाही. शब्बीर खुर्चीत पुढे सरकून ऐकत होता, त्याची डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर तारा दाबत होती. उजवा हात मांडीवर निवांत पडलेला.

बाहेर पटांगणात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आयकलंस? म्हंजी म्हैस चांगलीच होती. माझाच हात गेला हुता. दत्तू, तू त्या दिवशी तोंडावर खरं बोललास. दुसरा कुणी बोलला नसता, मला उगं आशेवर ठिवलं आसतं."

मी म्हणालो, "शब्बीर, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

त्याचा पुतण्या गाडी घेऊन आला आणि घाई करायला लागला. शब्बीर म्हणाला, "इंदापूरला ये. जेवायलाच ये. निवांत बोलू."

मी गेलो नाही. लग्नसराई होती, बँडवाल्यांची रांग होती. कारणं भरपूर होती. पावसाळ्यात त्याच्या पुतण्याचा फोन आला, आणि मी गेलो तो मातीला गेलो. सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी माती टाकली.

नंतर रेहानाभाभींनी मला आत बोलावून चहा दिला. म्हणाल्या, "अलीकडं सुई पण धरत नव्हते, भावजी. मी म्हणायची, जरा शिवा, हात चालू राहील. तर म्हणायचे, ह्या हातात दम न्हाय, दत्तूनं बघून सांगितलंय." त्या तक्रार करत नव्हत्या. नवऱ्याची आठवण सांगत होत्या. मी चहा प्यालो, आणि त्यांनाही काही सांगितलं नाही. त्या वाचत नाहीत, पण त्यांची नात वाचते. हे छापून आलं की ती त्यांना वाचून दाखवेल. मी समोर बसून सांगायला हवं होतं ते असं पोहोचेल. हाही भित्रेपणाच आहे.

धंद्यातला धडा म्हणाल तर साधा आहे. वाद्य बिघडलं की दुसऱ्याच्या हाताकडे बघण्याआधी, त्याला शेवटचा हात आपण कुठे लावला होता ते आठवावं.

इंदापूरला जायचं म्हणून त्या उन्हाळ्यात, शब्बीर असतानाच, मी एकदा स्टँडपर्यंत गेलो होतो. गाडीची वाट बघत बाकावर बसून, काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. लांबलचक जुळवलं आणि मग एकेक शब्द गाळत गेलो. गाडी आली, गेली. मी बसून राहिलो. शेवटी एवढंच उरलं होतं:

शब्बीर, तुझा हात बरा झाला होता. गज मी बिघडवला. मला कळलं तेव्हा वेळ होती, आणि मी गप्प बसलो. मला माफ कर.